तापतंय कोण? सोनं आणि पॉलिडोपामिनचे हायब्रिड नॅनोकण करताना

गेल्या जुलैत एमएस्सीच्या प्रकल्पाला आलेली एक मुलगी आलेख घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. लेझर लावल्यापासून पाच मिनिटांत द्रावण ६१ अंश सेल्सिअसवर गेलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी विचारलं, "थर्मोकपलचं टोक कुठे होतं?" "मॅडम, क्युव्हेटच्या बरोबर मधोमध." थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी तार, क्युव्हेट म्हणजे द्रावण ठेवायची छोटी चौकोनी काचनळी. म्हणजे टोक लेझरच्या वाटेत होतं. मग आम्ही दोघींनी क्युव्हेट धुतली, नुसतं पाणी भरलं, टोक होतं तिथेच ठेवलं आणि लेझर सुरू केला. साधं पाणीही चाळिशीच्या पुढे जाताना दिसलं. तापत होती ती तार. टोक प्रकाशाच्या वाटेबाहेर, वरच्या बाजूला घेतलं तेव्हा तिचा नमुना ४९ वर थांबला.

४९ हा अजिबात वाईट आकडा नाही, पण त्या दिवशी तिला ते पटवायला मला संध्याकाळ लागली. तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत लेझरच्या टेबलावर एक कागद चिकटवलेला आहे: तापतंय कोण? खाली जे लिहिते आहे ते सगळं याच प्रश्नाभोवती आहे. मी मुंबईतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. प्रकाशाने तापणारे, कॅन्सरच्या पेशी उष्णतेने मारायला वापरता येतील असे नॅनोकण पहिल्यांदाच करणाऱ्या मुलामुलींसाठी हे टिपण आहे.

आधी प्रकाशाविषयी

रात्री दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरा. बोटांमधून बाहेर येतो तो फक्त लाल प्रकाश. हिरवा आणि निळा रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं. लाल रंगाच्याही पलीकडे, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्तही प्रकाश कमी शोषतं आणि पाणीही. म्हणून या कामात बहुतेक जण ८०८ नॅनोमीटरचा डायोड लेझर वापरतात. तरीही हा प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर. हे मनात पक्कं ठेवा, पुढे लागेल.

उष्णतेचं गणित सोपं आहे. ४३ अंशांना पेशी तासाभराच्या हिशेबाने मरतात, ५० च्या पुढे मिनिटांच्या. गाठीत असे कण असतील आणि बाहेरून असा प्रकाश पडला की फक्त जिथे दोन्ही आहेत तिथेच तापावं, एवढी ही कल्पना.

हायब्रिड कशाला?

सोन्याचे साधे गोल कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवा प्रकाश शोषतात. ८०८ ला ते जवळजवळ आंधळे असतात. हे सोडवायला लोकांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळ्यावर सोन्याचं पातळ कवच चढवलं. कवच जितकं पातळ, तितकं शोषण लाल बाजूला सरकतं. या कणांनी गाठ तापवल्याचं त्यांनी २००३ मध्ये दाखवलं. आपल्या पवईच्या आयआयटीत लायपोसोमवर, म्हणजे चरबीच्या बारीक फुग्यांवर, सोनं चढवून उंदरांमधलं काम झालं. ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की फुगा फुटल्यावर सोन्याचे तुकडे लहान उरतात आणि शरीराबाहेर पडायला त्यांना वाट मिळते. मूत्रपिंडातून साधारण साडेपाच-सहा नॅनोमीटरहून मोठा कण जात नाही. मोठे कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात.

सोन्याच्या नॅनोकांड्याही उत्तम तापतात, पण त्या करताना वापरलेलं सीटॅब, म्हणजे साबणासारखं एक रसायन, पेशींना विषारी असतं आणि ते पुरतं काढणं नवख्या हाताचं काम नाही. म्हणून पहिल्या प्रकल्पाला मी सोन्याच्या गोल कणावर पॉलिडोपामिनचा थर देते. हाच आपला हायब्रिड. पॉलिडोपामिन म्हणजे डोपामिनचे रेणू एकमेकांना जोडून झालेला पदार्थ. तो काळपट तपकिरी असतो, त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनच्या नात्यातला, आणि ८०८ लाही प्रकाश शोषतो. समुद्रातले शिंपले लाटांचा मार खात खडकाला धरून राहतात त्या चिकटपणावरून ही युक्ती सुचली. २००७ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मेसरस्मिथ यांच्या गटाने दाखवलं, की किंचित अल्कलीयुक्त पाण्यात डोपामिन घातलं तर ते जवळजवळ कशालाही थर देतं. हे डोपामिन म्हणजे तेच, जे आयसीयूत रक्तदाब उतरल्यावर सलाइनमधून देतात.

इथे सरळ सांगून टाकते: या कणात ८०८ नॅनोमीटरला तापवण्याचं मुख्य काम थर करतो, सोनं नाही. सोनं क्ष-किरणांत दिसतं, मायक्रोस्कोपखाली गर्द दिसतं, वजनाने जड असल्यामुळे मोजता येतं. प्रकल्पाच्या अहवालात "सोन्यामुळे तापलं" असं लिहिलंत तर परीक्षक विचारतील, आणि विचारावंच.

काचसामान आणि सोनं

काचेला आतून चिकटलेला जुना धातूचा अंश सगळा घाणा बिघडवतो. चंचुपात्रं आणि चुंबकी कांडी आम्लराजात धुवा: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, फ्यूम हुडमध्ये, गॉगल आणि जाड हातमोजे घालून. लागेल तेवढंच करा आणि उरलेलं कधीही झाकण लावलेल्या बाटलीत ठेवू नका. आत वायू साचून बाटली फुटते. मग शुद्ध पाण्याने दहा वेळा खळबळा. दहा म्हणजे दहाच.

सोन्याचं मीठ, क्लोरोऑरिक आम्ल, मुंबईच्या पावसाळ्यात तोलू नका. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. जूनमध्ये कुपी उघडी ठेवली तर तराजूवरचा आकडा तुमच्या डोळ्यांसमोर वाढत जातो आणि पिवळे स्फटिक चिखल होतात. मी एक ग्रॅमची कुपी आली की ती अख्खीच २५.४ मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवते. १०० मिलिमोलरचं द्रावण तयार होतं, तोलायची भानगड संपते. गर्द बाटली, फ्रिज. आणि स्टीलचा चमचा लावायचा नाही: सोनं चमच्यावर जाऊन बसतं आणि चमचा गंजतो. प्लॅस्टिकचा किंवा काचेचा घ्या. त्या एका ग्रॅममध्ये निव्वळ सोनं अर्धा ग्रॅम असतं, म्हणून सांडलेला प्रत्येक थेंब टाकाऊ सोन्याच्या बाटलीत जातो, सिंकमध्ये नाही.

कण करायची रीत जुनी आहे, टर्केविच यांची १९५१ ची. त्यांच्यानंतर फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये सायट्रेट कमीजास्त करून आकार बदलता येतो हे दाखवलं. १०० मिलिलिटर पाण्यात आपल्या द्रावणाचे २५० मायक्रोलिटर घाला, वर कंडेन्सर लावा, ढवळत उकळी आणा. चांगली खळखळ उकळी, नुसती वाफ नाही. मग १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचे २ मिलिलिटर एका दमात ओता. फिका पिवळा रंग जातो, क्षणभर काहीच नाही, मग करडा-जांभळा, आणि काही मिनिटांत माणकासारखा लाल. पंधरा मिनिटं उकळत ठेवून थंड होऊ द्या. कण साधारण १६ नॅनोमीटरचे येतात. शोषणाच्या आलेखाचं टोक ५२० च्या जवळ आणि अरुंद असेल तर पुढे जा. जांभळट राहिलं असेल तर टाकाऊ सोन्याच्या बाटलीत ओता आणि काचसामान पुन्हा धुवा. जांभळ्या द्रावणाला वाचवण्यात माझं एक अख्खं दिवाळीआधीचं सत्र गेलं आहे. ते वाचत नाही.

थर देणं

ट्रिस बफर, म्हणजे पीएच धरून ठेवणारं द्रावण, १० मिलिमोलर, पीएच ८.५. इथे एक बारकावा आहे. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला ०.०२८ ने खाली. फ्रिजमधून काढलेल्या ४ अंशांच्या बाटलीत ८.५ लावलात आणि मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत वापरलात, तर तो ७.७ झालेला असतो आणि डोपामिनची क्रिया फारच मंदावते. बफर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पीएच लावा.

सोन्याचं द्रावण सेंट्रिफ्यूज करून १० मिलिलिटरचं १ मिलिलिटर करा. दुसरीकडे १० मिलिलिटर ट्रिसमध्ये ताजं डोपामिन हायड्रोक्लोराइड घाला, मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा. ढवळतानाच सोनं थेंब थेंब सोडा. बफर जास्त तीव्र असेल किंवा सोनं एकदम ओतलं तर ते निळं पडून गुठळ्या होतात. भांड्याचं तोंड उघडं हवं, कारण ही क्रिया हवेतल्या ऑक्सिजनवर चालते. तीन-चार तासांत लाल रंगावर तपकिरी झाक येते आणि ५२० चं टोक थोडं उजवीकडे सरकतं.

आता ती चूक, जी मी स्वतः केली आणि जिच्यामुळे माझे चार महिने गेले. थर जाड व्हावा म्हणून मी डोपामिन वाढवत नेलं, मिलिलिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत. द्रावण काळंभोर, तापमान झरझर वर. मला वाटलं जमलं. पवईला आयआयटीत सैफ हे मोठ्या उपकरणांचं केंद्र आहे, बाहेरच्यांचेही नमुने तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून देतात. मी कांजूरमार्गला उतरून, नमुना छोट्या थर्मासमध्ये धरून तिथे गेले. पडद्यावर दिसलं ते असं: थोडे कण गर्द गाभा आणि करडं कवच असलेले, आणि त्यांच्या भोवती नुसत्या पॉलिडोपामिनचे गोळे, गाभाच नसलेले. माझा "हायब्रिड" म्हणजे मुख्यतः सोन्याशिवायचं पॉलिडोपामिन होतं. परतीच्या गाडीत मला वही उघडायचं धैर्य झालं नाही.

त्यानंतर मी तीन गोष्टी पाळते. डोपामिन कमी ठेवून थर दोनदा देते, एकदाच भरमसाट नाही. सेंट्रिफ्यूज करून किमान तीन वेळा धुते, आणि वरचं पाणी तपकिरी असेपर्यंत धुणं थांबवत नाही. आणि ते वरचं पाणी फेकण्याआधी त्यालाही लेझरखाली तापवून बघते. बारीक, सुटं पॉलिडोपामिन वरच्या पाण्यात राहतं, ते असं सापडतं. मोठे गोळे मात्र कणांबरोबर तळाशी येतात आणि मायक्रोस्कोपखालीच कळतात. म्हणून पैसे वाचवायला मायक्रोस्कोपी गाळू नका. दुसरं काहीही गाळा.

लेझर

८०८ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जेमतेम अंधुक लाल दिसतो, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, आणि तोवर दृष्टिपटल भाजलेलं असतं. एक वॅटचा डायोड लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गात येतो. ८०८ साठीचाच गॉगल, खोलीत असलेल्या प्रत्येकाला. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. परावर्तन तिथूनच येतं. दारावर पाटी लावा. चहा घेऊन येणाऱ्या मावशींनाही आम्ही ती पाटी समजावून सांगितली आहे.

शक्ती मोजायची ती क्युव्हेटच्या जागी, पॉवर मीटरने. यंत्रावरचा आकडा धरू नका. ठिपक्याचा व्यास एक सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका वॅटला चौरस सेंटिमीटरमागे १.२७ वॅट. त्वचेला सुरक्षित मानलेली मर्यादा ८०८ ला साधारण ०.३३ आहे. म्हणजे तुम्ही जवळजवळ चौपट वापरत आहात. अहवालात हे लपवू नका, तिथेच लिहा.

मोजणं

चार नळ्या हव्यात: नुसतं पाणी, नुसतं सोनं, नुसतं पॉलिडोपामिन, आणि हायब्रिड. पॉलिडोपामिन आणि हायब्रिड यांचं ८०८ चं शोषण सारखं करून घ्या, मी दोन्ही १ वर आणते. नुसत्या सोन्याला ते जमणार नाही, म्हणून तिथे हायब्रिडमध्ये आहे तेवढंच सोनं घ्या. प्रत्येकी १ मिलिलिटर, त्याच क्युव्हेटमध्ये, त्याच जागी. थर्मोकपल प्रकाशाच्या वाटेबाहेर. थर्मल कॅमेरा असेल तर ध्यानात ठेवा, तो काचेच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, आतल्या पाण्याचं नाही. आणि एसीचा झोत क्युव्हेटवर येत नाही ना, ते हात धरून बघा. आमच्याकडे एकाच नमुन्याचे सोमवारचे आणि गुरुवारचे आकडे जुळेनात, तेव्हा कळलं की मधल्या दिवशी कुणीतरी एसीची पट्टी वळवली होती.

तापमान स्थिर होईपर्यंत लेझर चालू, मग बंद, आणि थंड होतानाही दर दहा सेकंदांना नोंद. खरी माहिती या थंड होण्यातच असते. किती प्रकाशाची उष्णता झाली हे काढायची पद्धत रोपर यांची आहे, २००७ ची. समजा थंड होण्याच्या आलेखावरून कालांक, म्हणजे नमुना किती वेगाने थंड होतो ते सांगणारा वेळ, २५० सेकंद आला. पाणी १ ग्रॅम, विशिष्ट उष्णता ४.२. भागाकार करा: ०.०१६८ वॅट दर अंशाला, म्हणजे तुमचा नमुना दर अंशाला इतकी उष्णता गमावतो. नमुना खोलीपेक्षा २५ अंश वर जाऊन थांबला, तर तो ०.४२ वॅट गमावत होता. नुसतं पाणी २ अंश चढलं होतं, म्हणजे पाण्याचा आणि काचेचा वाटा ०.०३४. वजा करा, ०.३८६ उरले. लेझर एक वॅट, शोषण १, म्हणजे ९० टक्के प्रकाश अडला. ०.३८६ भागिले ०.९: सुमारे ४३ टक्के. हे मुलांनी कॅल्क्युलेटरवर हाताने करावं असा माझा आग्रह असतो. तयार तक्त्यात आकडे भरणाऱ्याला पाण्याचा वाटा वजा केला की नाही, हे सांगता येत नाही.

मग पाच वेळा तापवा आणि थंड करा. पाचव्या फेरीतही तेवढंच चढलं पाहिजे. शिवाय मिठाच्या पाण्यात आणि सीरममध्ये रात्रभर ठेवून सकाळी रंग आणि शोषण बघा. सायट्रेटचं उघडं सोनं मिठात लगेच निळं पडतं; थर नीट बसला असेल तर रंग टिकतो.

पेशी, आणि घरून येणारे फोन

पेशींचे वंश पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवता येतात. आम्ही स्तनाच्या कॅन्सरच्या एमसीएफ-७ वर करतो. इथेही तोच प्रश्न: मारलं कोणी? नुसत्या पेशी, नुसते कण, नुसता लेझर, कण आणि लेझर दोन्ही, असे चार गट प्रत्येक प्लेटमध्ये हवेतच. आणि एमटीटी चाचणीवर, म्हणजे जिवंत पेशी एका पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करतात त्यावरून त्या मोजण्यावर, एकटीवर भिस्त ठेवू नका. तिचा रंग ५७० च्या आसपास मोजतात, तिथे आपले कणही शोषतात. शिवाय पॉलिडोपामिन स्वतःच एमटीटीचा रंग पालटू शकतं. पेशी मेलेल्या असून जिवंत दिसतील. पेशींशिवाय, फक्त कण आणि एमटीटी असलेला एक खण ठेवा, आणि सोबत जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल दाखवणारी दुहेरी रंगाची चाचणी करा.

उंदरांपर्यंत जायचं तर प्राणी नैतिकता समितीची परवानगी आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कॅन्सर संशोधन संस्थेतला जाणता सहकारी, दोन्ही आधी. त्यात घाई नाही.

या कामाची बातमी कॉलनीत पसरली की फोन येतात. परळला टाटामध्ये उपचार चालू असलेल्या कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी सून. "ताई, ते सोन्याचं औषध तुमच्याकडे मिळतं ना?" पहिल्यांदा मी गडबडून लांबलचक समजावत बसले, आणि पलीकडच्या माणसाने त्यातली फक्त आशा उचलली. आता मी आधी उत्तर देते: नाही, मिळत नाही, आणि चालू उपचार एक दिवसही थांबवू नका. मग त्यांना ऐकायचं असेल तर सांगते. सोन्याच्या कवचाचे कण वापरून प्रोस्टेटच्या गाठींवर अमेरिकेत १६ पुरुषांमध्ये पहिली चाचणी झाली, ती २०१९ मध्ये छापून आली. लेझर सुईसारख्या तंतूने थेट गाठीत नेला होता, कारण बाहेरून प्रकाश तिथवर पोचत नाही. २०१६ मध्ये दहा वर्षांचे शोधनिबंध एकत्र तपासले गेले, तेव्हा शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. शंभरातला एकसुद्धा नाही. तुम्हालाही असे फोन येतील. हे आकडे पाठ असू द्या आणि आवाज मऊ असू द्या.

त्या जुलैतल्या मुलीने मार्चमध्ये दुहेरी रंगाची चाचणी केली. मायक्रोस्कोपखाली हिरव्या पेशींचा गालिचा, आणि त्यात रेखल्यासारखं एक लाल वर्तुळ, जिथे लेझर पडला होता तिथेच. बाहेरच्या पेशींमध्येही कण होते, त्या जिवंत होत्या. तुमच्याकडे असं वर्तुळ आलं की फोटो काढून थांबू नका, त्याचा व्यास मोजा आणि लेझरच्या ठिपक्याशी ताडून बघा. तिचं वर्तुळ ठिपक्यापेक्षा दीड मिलिमीटरने मोठं निघालं. ती माझ्याकडे आली ती आलेख घेऊन नाही, वही घेऊन. "मॅडम, कडेच्या या पेशी लेझरच्या वाटेत नव्हत्या," ती म्हणाली, "पाण्यातून उष्णता सरकली असेल. खणात पाणी किती होतं ते मी लिहिलंच नाही." आम्ही दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या उंचीचं पाणी घालून प्लेट पुन्हा लावली.